मोटेचा कणा आणि सोलरचा पंप

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नव्हे. शालान्त परीक्षेनंतर मास्तरकी पत्करली, शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील प्राथमिक शाळांतून खडू-फळ्याच्या संगतीत हयात घालविली आणि यथाकाल निवृत्त झालो. तेव्हा मोठमोठे सिद्धान्त मांडण्याचा माझा अधिकार नाही. परंतु जी मुले माझ्यापुढे बाराखडी गिरवून गेली ती पुढे काय करतात, कोणाला काम लागते, कोण रिकामा बसतो, हे पाहण्याची सवय मला जडली आहे. त्या पाहण्यातून जे सुचले तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

विषय असा आहे. शिरूर व दौंड येथील नगरपरिषदांनी तरुणांना हरित उद्योगांचे शिक्षण देण्यासाठी सरकारी अनुदान मागावे आणि आपल्या संस्थेने त्या मागणीस पाठबळ द्यावे, अशी सूचना आपल्यातील काही तरुण मंडळींनी कार्यकारी मंडळाकडे दिली आहे. सूचना चांगली आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. मात्र हे अनुदान कशासाठी मागावयाचे, कोणत्या क्रमाने मागावयाचे आणि ते मिळाल्यावर आपल्या घरचा मुलगा त्या वर्गात बसणार की नाही, याचा विचार आधी व्हावयास हवा. अनुदान आधी आणि काम मागाहून असा क्रम लावला, की पैसा खर्ची पडतो आणि मुलगा होता तेथेच राहतो. माझे सारे सांगणे या एका गोष्टीभोवती आहे.

आपला धंदा आणि पाणी

आपण सुतार-लोहार माणसे. गावगाड्यात पहिल्या ओळीच्या बलुतेदारांत आपली गणना होत असे. शेतकऱ्याचा नांगर, तिफण, कुळव, गाडी आणि मोट ही साधने आपल्या हातांवाचून चालत नसत. मोटेचे चाक आणि त्याचा कणा सुतार घडवी, त्याचे लोखंडकाम लोहार करी. ऐन उन्हाळ्यात धावेवर बैल जुंपलेले असताना कणा मोडला तर थारोळे कोरडे पडे आणि शेतकरी रात्रीबेरात्री आपल्या आजोबांच्या दारात येऊन उभा राही. खळ्यावर मिळणारे बैते हे त्या तत्परतेचे मोल होते. शिरूरचा मुलूख पर्जन्यछायेचा. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. अशा ठिकाणी पाणी वर काढणारे साधन चालते ठेवणारा माणूस हा गावाचा आधार होता.

पुढे मोट गेली, तेलावरची इंजिने आली, त्यामागून विजेच्या मोटारी आल्या. प्रत्येक वेळी जुनी कारागिरी बुडाली अशी ओरड झाली, आणि प्रत्येक वेळी ज्याने नवे यंत्र उघडून पाहिले त्याचे घर तगले. दौंडला तर रेल्वेने ही पाठशाळा फार आधी उघडली होती. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि दौंड हे जंक्शन झाले. हातोडी आणि छिन्नी यांची सवय असलेल्या हातांना वाफेच्या इंजिनाचे काम परके वाटण्याचे कारण नव्हते.

याच संदर्भात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण आठवण्याजोगे आहे. बेळगावात सायकलींचे दुकान चालवीत असतानाच त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करावयास घेतले होते. लोखंडाच्या नांगराने जमीन नासते, असे त्या वेळी शेतकरी म्हणत. तरी त्यांनी काम सोडले नाही. पुढे औंधच्या संस्थानिकांनी त्यांना जमीन दिली, कर्ज दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की राजाचे साहाय्य आले ते काम दिसल्यानंतर. कारखान्याच्या नुसत्या कल्पनेला ते मिळाले नव्हते.

आजची मोट

आता आजच्या काळाकडे वळतो. शेतकऱ्याला उन्हावर चालणारा पंप मिळावा म्हणून केंद्र सरकारने २०१९ साली कुसुम योजना काढली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही योजना आणली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरावयाचे, बाकीचा भार शासनाने उचलावयाचा, अशी तरतूद झाली. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्तीचा आणि त्याहून अधिक जमिनीला साडेसात अश्वशक्तीचा पंप, असा हिशेब ठरला. घरांच्या बाबतीत केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पंतप्रधान सूर्यघर' योजनेला ७५,०२१ कोटी रुपयांची मंजुरी दिली. एक कोटी घरांच्या छपरांवर वीज तयार व्हावी हा तिचा हेतू, आणि तीन किलोवॉट वा अधिक क्षमतेच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य.

हे आकडे सरकारी पत्रकांतून सर्वांच्या वाचनात येतात. माझे लक्ष मात्र एका बारीक अटीकडे गेले. सौरपंपाची दुरुस्ती पाच वर्षे पुरवठादाराने करावयाची असते. सहाव्या वर्षी काय? कुसुम योजनेत जे पंप २०२० आणि २०२१ साली बसले, त्यांची मुदत आता संपते आहे वा संपली आहे. यापुढे दरवर्षी मुदत संपलेल्या पंपांची संख्या वाढतच जाणार. तो शेतकरी कोणाकडे जाणार? ज्या कंपनीचा कारभार दूर कोठल्या तरी शहरातून चालतो तिला फोन लावून तो आठ-आठ दिवस वाट पाहील आणि तोवर कांद्याची रोपे करपतील. मोटेचा कणा मोडल्यावर ज्या दारात शेतकरी येत असे, ते दार आज कोणते? बंधूंनो, ते दार आपले असावयास हवे.

हे काम विजेच्या साध्या कामापेक्षा निराळे आहे, हेही सांगून ठेवतो. प्लेटांवर धूळ बसली की पाणी कमी पडते. वादळाने सांगाडा वाकतो. उंदीर तारा कुरतडतात. नियंत्रक बंद पडतो. अर्थिंग नीट नसेल तर विजेच्या कडकडाटात सारा संच जळतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की ऊन आहे तोवर प्लेटांतून वीज निघतच असते. घरातील मुख्य बटण बंद केले म्हणजे तारेतील प्रवाह थांबला, असे येथे होत नाही. प्लेटेपासून बटणापर्यंतची तार दिवसभर जिवंत असते. हा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा असल्यामुळे सांधा सैल राहिला आणि ठिणगी पडली, तर ती सहजी विझत नाही. गावात वर्षानुवर्षे मोटारी जोडणारा हुशार वायरमनसुद्धा यात फसू शकतो. म्हणूनच शिक्षणाची आवश्यकता आहे, आणि ते शिक्षण पुस्तकी असून चालणार नाही.

नदीचे काम

दुसरे काम नदीचे. मुळा-मुठेचे पाणी पुण्याची घाण घेऊन आपल्या दोन तालुक्यांच्या शिवेवर भीमेला मिळते. तेथून ते दौंडच्या कडेने उजनीच्या जलाशयात जाते. जलपर्णीने झाकलेली भीमा आपण सर्वांनी पाहिली आहे. ही नदी शुद्ध व्हावी म्हणून पुणे शहराने मोठे साहाय्य मागितले आणि त्यास ते मिळालेही. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून केंद्र सरकारने ९९० कोटी २६ लाख रुपयांचा प्रकल्प मंजूर केला आणि जानेवारी २०१६ मध्ये त्याचा करार झाला. अकरा ठिकाणी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे आणि रोज ३९ कोटी ६० लाख लिटर पाणी शुद्ध करण्याची क्षमता, अशी ती योजना. मंजुरी आणि बांधकाम यांच्यामध्ये बरीच वर्षे गेली. शहराचे अनुदान रखडले, त्याची किंमत खालच्या अंगाच्या गावांनी मोजली.

शुद्धीकरण केंद्र बांधले म्हणजे काम संपत नाही. पंप, हवा सोडणारी यंत्रे, पाण्याची तपासणी, गाळाची व्यवस्था हे सारे रात्रंदिवस पाहणारी माणसे लागतात. पुण्याला लागतात, तशीच उद्या शिरूरला आणि दौंडलाही लागणार. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत सांडपाण्याची आणि घातक कचऱ्याची कामे आजही आहेतच. या कामांना शास्त्रीय शिक्षण हवे, आणि ती कोणा एका जातीच्या माथी मारली जाता कामा नयेत. हाताने मैला साफ करविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. यंत्राच्या साहाय्याने, हातमोजे आणि मुखपट्टी लावून, प्रयोगशाळेतील नोंदवही भरून होणारे काम हे कोणाही सुशिक्षित मुलाने करावे असेच आहे.

पाबळचा धडा

असे शिक्षण कसे द्यावे, याचा नमुना शोधण्यासाठी आपणांस परदेशी जावयास नको. तो शिरूर तालुक्यातच आहे. पाबळ हे गाव बहुतेकांना मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असते. त्याच पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला. कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट मिळविलेले शास्त्रज्ञ. मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात ते मोठ्या पदावर होते. वयाच्या पन्नाशीनंतर ती नोकरी सोडून ते आणि त्यांच्या पत्नी मीराताई या कोरड्या गावात येऊन राहिले. शाळा सुटलेली, परीक्षेत नापास झालेली मुले त्यांनी हाताशी घेतली.

त्यांची पद्धत मला, एका मास्तराला, फार विचार करावयास लावणारी वाटते. मुलांना आधी धडा आणि मग काम, असा क्रम त्यांनी ठेवला नाही. गावाला ज्याची गरज आहे ते काम मुलांनी गावासाठी करावयाचे आणि त्या कामातून गणित, विज्ञान, हिशेब शिकावयाचा. गावाला विहिरीची जागा हवी असेल तर मुलांनी जमिनीचा विद्युत्‌रोध मोजून भूजलाचा अंदाज द्यावा. घर हवे असेल तर कोनांचे गणित मांडून घुमटाकार घर उभे करावे. जोडकाम, वीजजोडणी, गोबरगॅस, पिकांची आणि जनावरांची निगा, अन्नपदार्थ टिकविणे, रक्ताची साधी तपासणी अशी सर्व अंगे एका वर्षाच्या शिक्षणात आणली. काम खरे असल्यामुळे गिऱ्हाईकही खरे. गिऱ्हाइकाने नाक मुरडले तर काम पुन्हा करावयाचे. गुणपत्रिकेपेक्षा ही परीक्षा कठीण. पुढे हीच कल्पना 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या नावाने आठवी ते दहावीच्या वर्गांतही गेली. २००२ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या नामांकित संस्थेने आपल्या देशाबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने हवी ती वस्तू घडविण्याची कार्यशाळा, या पाबळलाच उभारली. २००३ साली डॉ. कलबाग निवर्तले, तरी आश्रमाचे कार्य चालू राहिले.

पाबळच्या आश्रमालाही देणग्या आणि अनुदाने लागलीच. पैशावाचून लेथ येत नाही, वेल्डिंगचे यंत्र येत नाही. परंतु तेथे काम आधी ठरले आणि पैसा त्या कामाच्या मागून आला. आपण नगरपरिषदेला सांगावयाचे आहे ते एवढेच.

अनुदानाचे पैसे कोठे जातात

उलट उदाहरणेही आहेत आणि ती झाकण्यात हित नाही. तरुणांना कौशल्य मिळावे म्हणून केंद्राने २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू केली. हेतू उत्तम होता, पैसाही थोडा नव्हता. तिच्या २०१५ ते २०२२ या काळातील कारभाराची तपासणी महालेखापरीक्षकांनी केली आणि तो अहवाल २०२५ च्या अखेरीस संसदेपुढे आला. प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के उमेदवारांनाच काम लागल्याचे त्यात दिसून आले. कित्येकांच्या नोंदीत बँक-खात्याचा रकाना कोरा तरी होता किंवा त्यात नुसती शून्ये भरलेली होती. हरित उद्योगांपुरते बोलावयाचे तर २०१५ पासून सौर तंत्रज्ञांसाठी 'सूर्यमित्र' हा सहाशे तासांचा अभ्यासक्रम आहे, त्याच साली स्थापन झालेली हरित रोजगारांची कौशल्य परिषद आहे, आणि २०१७ पासून पर्यावरण मंत्रालयाचाही एक कार्यक्रम चालत आला. तेव्हा योजनांचा तोटा कधीच नव्हता.

मग अडते कोठे? मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका गावी असाच वर्ग निघाला होता, गावाचे नाव घेत नाही. दर प्रमाणपत्रामागे संस्थेला पैसे मिळावयाचे, म्हणून प्रमाणपत्रे भराभर निघाली. यंत्रे कपाटात कुलूपबंद, कारण मोडली तर जबाबदार कोण? शिकविणारा तीन महिन्यांच्या कराराचा, तो चांगली जागा मिळताच निघून गेला. वर्ग संपल्यावर मुलांची नावे भिंतीवर लागली, छायाचित्र निघाले, आणि मुले पुन्हा चौकात येऊन बसली. यात कोणी चोरी केली असे मी म्हणत नाही. काम कोण देणार, हा प्रश्नच कोणी अर्जात लिहिला नव्हता.

इतिहासात एक मोठा प्रयोग झाला आहे. १९३३ साली, मंदीच्या काळात, अमेरिकेने बेकार तरुणांची एक सेना उभारली. १९४२ पर्यंत सुमारे तीस लक्ष तरुण तीत येऊन गेले. त्यांनी अब्जावधी झाडे लावली, बांध घातले, रस्ते केले. महिना तीस डॉलर पगार, आणि त्यातील बहुतेक रक्कम परस्पर घरी आईबापांकडे जाई. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीची कामे निघाली, पाझर तलाव झाले, लक्षावधी माणसे जगली. त्या उपकाराचे विस्मरण होऊ नये. परंतु खडी फोडून मजुरी मिळाली, हुन्नर मिळाला नाही. दुष्काळ सरला तसे ते कामही सरले. आज जे अनुदान आपण मागणार, त्यातून मजुरीच्या चार महिन्यांपेक्षा जन्मभराचा हुन्नर मिळावा, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

आधी मोजणी, मग अर्ज

माझी सूचना मास्तरकीच्या थाटाची आहे. अर्ज लिहिण्यापूर्वी एक वही करावी आणि तीत चार रकाने आखावे. पहिल्या रकान्यात कामाचे नाव: सौरपंप, छपरावरील सौरसंच, ठिबक सिंचन, गोबरगॅस, सांडपाण्याची केंद्रे, ओल्या कचऱ्याचे खत. दुसऱ्यात दोन्ही तालुक्यांत त्यांची संख्या, गाववार. तिसऱ्यात दुरुस्तीचा माणूस आज कोठून येतो आणि किती दिवसांनी येतो. चौथ्यात त्या कामाचे पैसे देणारा कोण, म्हणजे शेतकरी, सोसायटी, कारखाना, ग्रामपंचायत की नगरपरिषद. महाविद्यालयातील आपल्या मुलामुलींनी दिवाळीच्या सुट्टीत ही वही गावोगाव फिरून भरली, तर जो कागद तयार होईल त्याच्यापुढे कोणत्याही अधिकाऱ्याला सहजी नाही म्हणता येणार नाही.

ही वही हाती आली की अनुदानाचा मार्ग आपोआप दिसू लागतो. शिरूरला आणि दौंडला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, त्यामुळे नव्या इमारतीची गरज नाही. अशा एक हजार संस्थांच्या सुधारणेसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये ६०,००० कोटींची योजना मंजूर केली. तिची रचना अशी, की एका मुख्य संस्थेभोवती चार लहान संस्था जोडावयाच्या आणि उद्योगांनीही खर्चाचा भाग उचलावयाचा. रांजणगाव आणि कुरकुंभ इतक्या जवळ असता आपल्या दोन्ही संस्था अशा एखाद्या गटात याव्यात, हे मागणे अवाजवी नाही. राज्याचे 'माझी वसुंधरा' अभियान २०२० पासून नगरपरिषदांना पर्यावरणाच्या कामाबद्दल गुण आणि बक्षिसे देत आले आहे. त्या रकमेतील वाटा झाडांच्या फलकांबरोबर माणसांच्या शिक्षणावरही खर्च व्हावा, असा आग्रह आपले नगरसेवक धरू शकतात. आपल्या समाजापुरते सांगावयाचे तर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेच्या अठरा धंद्यांत सुतार आणि लोहार दोन्ही आहेत. पंधरा हजारांची हत्यारे आणि शिकण्याच्या दिवसांत रोज पाचशे रुपये, अशी तीत तरतूद आहे. ज्यांनी नाव नोंदविले त्यांनी हत्यारे माळ्यावर टाकू नयेत, एवढीच विनंती.

आपल्याच घरातील अडचण

आता थोडे कटू बोलतो, त्याची क्षमा असावी. समजा, उद्या अनुदान आले, वर्ग निघाला, चांगला शिक्षकही मिळाला. त्यात आपला मुलगा बसेल काय? आपल्या घरोघरची स्थिती काय आहे? मुलगा पदवीधर होतो. मग पुण्यास खोली घेऊन स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागतो. एक वर्ष, दोन वर्षे, पाच वर्षे. बाप जमिनीचा तुकडा विकून वा कर्ज काढून पैसे पाठवितो. लाखो मुले अर्ज करतात आणि जागा हजारांतही नसतात. तिशी जवळ येते, मुलगा परत येतो आणि दारे लावून बसतो. त्याच्या मनाची अवस्था त्याची आई जाणते. ज्यांची मुले यशस्वी झाली त्यांचे मला कौतुकच आहे. परंतु जी झाली नाहीत त्यांची संख्या मोठी आहे, आणि ती आपलीच लेकरे आहेत.

या मुलाला कोणी 'हत्यार हाती धर' असे सांगू धजत नाही, कारण लग्नाच्या बाजारात हत्याराला भाव नाही. वधुपिता प्रथम विचारतो तो, मुलगा नोकरीत आहे काय. औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराच्या हाताखाली बारा हजारांवर राबणारा मुलगा कंपनीत आहे म्हणून पसंत पडतो, आणि स्वतःच्या दुकानात त्याहून अधिक मिळविणारा मोटारदुरुस्त नापसंत होतो. ज्यांच्या पूर्वजांनी वाकस, रंधा, ऐरण आणि भाता यांवर घरे उभी केली, त्या समाजाने हाताच्या कामाला हलके मानावे, हे आश्चर्य नव्हे काय? आपल्या या मेळाव्यातील गुणगौरवही पाहावा. टक्केवारीवर बक्षिसे दिली जातात, पदवीला शिष्यवृत्ती मिळते. प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री होऊन निघालेल्या मुलाला आजवर या व्यासपीठावर किती वेळा बोलाविले गेले?

मुलींविषयीही सांगावयास हवे. नियंत्रकाची दुरुस्ती, पाण्याची तपासणी, वीजनिर्मितीच्या नोंदी ही कामे बसून, लक्षपूर्वक आणि स्वच्छतेने करावयाची आहेत. माझ्या वर्गातील मुली मुलांपेक्षा अधिक काळजीने काम करीत, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. वर्ग निघाला तर त्यात त्यांना जागा असावी आणि जाण्या-येण्याची सोय असावी.

कोणी विचारील, या धंद्यात जाऊन सर्वांचे कल्याण होईल काय? मी असे वचन देणार नाही. छपरावर चढण्याचे काम आहे, कमरपट्टा न बांधता चढणारा मुलगा जीव गमावू शकतो. मोठ्या कंपन्या कंत्राटदारामार्फत कामे देतात, तेथे मजुरी कमी आणि भविष्य निर्वाह निधीचा पत्ता नाही, असेही घडते. पावसाळ्यात काम मंदावते. यास्तव मुलांनी एकेकटे न राहता चार-पाच जणांचा गट करावा, दुरुस्तीचे दर ठरवावे आणि गावांशी वार्षिक करार करावे. सहकार ही पुणे जिल्ह्याला नवी गोष्ट नाही. ऊस गाळण्यासाठी आपण सहकार केला, पाणी उपसण्याच्या यंत्रांसाठी करता येणार नाही काय?

संस्थेपुढे चार ठराव

यास्तव मी चार ठराव नम्रपणे सुचवितो.

एक, वर सांगितलेली चार रकान्यांची मोजणी संस्थेच्या तरुण मंडळाने येत्या वर्षात शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत पुरी करावी आणि तिची प्रत दोन्ही नगरपरिषदांस द्यावी.

दोन, नगरपरिषदांनी अनुदानाचा अर्ज करताना काम देणाऱ्यांची नावे, कायम शिक्षकाची तरतूद आणि अनुदान संपल्यावर वर्ग कसा चालेल याचा खुलासा अर्जातच लिहावा, अशी लेखी विनंती संस्थेने करावी. हा वर्ग सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींना खुला असावा, हेही त्यात स्पष्ट लिहावे. ज्ञातीचे पाठबळ म्हणजे ज्ञातीची मक्तेदारी नव्हे.

तीन, संस्थेच्या शिष्यवृत्ती निधीतील एक तृतीयांश रक्कम यापुढे हाताचा हुन्नर शिकणाऱ्यांसाठी राखावी. तिचा विनियोग हत्यारांची पेटी, कमरपट्टा, विमा आणि शिकण्याच्या काळातील प्रवासखर्च यांवर व्हावा. गरीब घरचा मुलगा वर्ग सोडतो तो बहुधा एस. टी. च्या भाड्यापायी.

चार, पुढील मेळाव्यापासून गुणगौरवाच्या यादीत वीजतंत्री, जोडारी, सौरतंत्रज्ञ यांची नावे पदवीधरांच्या बरोबरीने आणि त्याच ओळीत घ्यावीत. आपल्या वधूवर सूचक यादीतही व्यवसायाच्या रकान्यात 'स्वतःचा दुरुस्तीचा धंदा' असे मानाने लिहिले जावे.

पहिल्या दोन ठरावांना सरकारची आणि नगरपरिषदांची साथ लागेल, त्यास वेळही लागेल. तिसऱ्या आणि चौथ्या ठरावाला मात्र कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. ते आज, या मांडवात, आपण करू शकतो. सरकारपुढे हात पसरण्यापूर्वी आपण आपल्या पदरचे काय घातले, हे दाखविता आले तर आपल्या शब्दाला वजन येईल.

माझ्या बोलण्यात कोठे अधिकउणे झाले असल्यास ज्ञातिबांधवांनी सांभाळून घ्यावे. वरील चार ठराव अध्यक्ष महाराजांच्या स्वाधीन करतो.